अल्ट्रासोनिक थंड घडणीने पात्याची धार टिकाऊ करणे: कडबा कुट्टीच्या पात्यावरची सविस्तर पद्धत

पात्याला धार लावणे म्हणजे बहुतेक ठिकाणी धातू घासून कमी करणे. सोलापूर जिल्ह्यात रब्बीची ज्वारी निघाली, कडब्याच्या गंजी रचून झाल्या, की कडबा कुट्टीची यंत्रे सुरू होतात आणि त्यांची पाती एमरीच्या चाकाखाली जाऊ लागतात. ज्वारीच्या ताटात सिलिका असते, कडब्याला मातीची धूळ चिकटलेली असते, आणि ही दोन्ही मिळून धारेला सतत ओरबाडत राहतात. मग पाते पुन्हा चाकावर जाते. असे होता होता ते अरुंद होते, आणि घासताना तापून त्याचे पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरले असेल तर धार आणखी लवकर जाते. अल्ट्रासोनिक थंड घडणी, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या वेगाच्या कंपनांनी धातू न तापवता ठोकणे, या चक्रात एक वेगळी पायरी घालते. त्यात धातू काढला जात नाही, धारेमागचा धातू दाबून घट्ट केला जातो.

यामागचे तत्त्व जुने आहे. युरोपात गवत कापण्याच्या लांब विळ्याची धार छोट्या ऐरणीवर हातोडीने थंड ठोकून पातळ करण्याची पद्धत आजही चालू आहे. अल्ट्रासोनिक पद्धतीत हातोडीच्या जागी टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाची गोल टिप असते आणि ती सेकंदाला सुमारे २०,००० ठोके मारते. एकेका ठोक्याची हालचाल काही दशक मायक्रॉनांपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त नसते, परंतु ठोके इतके दाट पडतात की पृष्ठभागाजवळच्या पोलादाचे कण बारीक होतात, काठिण्य वाढते आणि त्या थरात दाबाचा ताण कायमचा राहतो. हा ताण बारीक भेगांची तोंडे मिटवून धरतो, त्यामुळे धारेचे तुकडे उडण्याचे प्रमाण कमी होते. कंप चालू असताना धातू कमी बळाने आकार बदलतो, ही गोष्ट ब्लाहा आणि लांगेनेकर यांनी १९५५ मध्ये जस्ताच्या स्फटिकांवर दाखवली होती. पुढे १९७० च्या दशकात सोव्हिएत संघात वेल्डिंगच्या जोडांचे आयुष्य वाढवण्यासाठी अल्ट्रासोनिक ठोक्यांचा वापर सुरू झाला, आणि २००० नंतर कोरियातील संशोधकांनी एसकेडी-६१ या टूल स्टीलवर थंड घडणीचे सविस्तर काम केले. पोलादी पत्र्याची किनार कापणारे चाकू हा तेथील एक प्रमुख उपयोग होता.

हे सर्व खरे असले तरी ज्या जाहिरातींत केवळ अल्ट्रासोनिक टिप फिरवून ‘वस्तऱ्यासारखी धार’ देण्याचे आश्वासन असते, त्यांवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. वस्तऱ्याच्या धारेच्या टोकाची त्रिज्या एक मायक्रॉनपेक्षाही कमी असते, तर ठोका मारणाऱ्या टिपेची हालचाल २० ते ३० मायक्रॉनांची असते. इतक्या मोठ्या हालचालीने इतके बारीक टोक घडणे शक्य नाही. शेवटची धार दगडावरच निघते. थंड घडणीने त्या धारेला पाठबळ मिळते, आणि ती जास्त दिवस टिकते. पुढील प्रत्येक पायरीचा क्रम या एका गोष्टीवर ठरलेला आहे.

कोणते पाते निवडावे

सुरुवात करण्यासाठी कडबा कुट्टीचे सरळ पाते सर्वांत सोयीचे आहे. ते जाड असते, त्याची पाठ सपाट असते, उतार, म्हणजे धारेकडे तिरका घासलेला भाग, एकाच बाजूला असतो आणि ते मिलिंग मशीनच्या टेबलावर नीट बसते. कमानीसारख्या वक्र पात्याला वेगळी बैठक आणि वक्र मार्गाने फिरणारी टिप लागते, म्हणून पहिल्या कामासाठी ते घेऊ नये. कागद कापण्याच्या मशीनचे लांब पाते आणि पत्रा कापण्याच्या शिअरचे पाते हेही योग्य उमेदवार आहेत. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेलच्या कारखान्यांत कापड कापण्यासाठी वापरली जाणारी पातळ सरळ पाती मात्र अनुभव येईपर्यंत बाजूला ठेवावीत, कारण ती ठोक्यांखाली सहज लाटेसारखी वाकतात.

काही पात्यांवर हा खटाटोप करूच नये. विडी कामगार महिला तेंदूची पाने कापण्यासाठी वापरतात त्या कात्रीची आतली बाजू किंचित पोकळ असते आणि दोन पाती टोकापर्यंत एकमेकांना एका बिंदूत स्पर्श करत सरकतात. त्या आतल्या बाजूला जरासा फुगवटा आला तरी कात्री पान कापण्याऐवजी दुमडू लागते. ती कात्री जाणत्या धारवाल्याकडेच द्यावी. ऊसतोडीचा कोयता बहुधा गाडीच्या कमानपाट्यापासून बनवलेला असतो आणि ते पोलाद थंड घडणीला उत्तम प्रतिसाद देणारे आहे. पण फडात कोयत्यावर रोज कानस फिरते. घडणीचा उपयोगी थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो, आणि कानस तो थोड्याच दिवसांत खाऊन टाकते. त्यामुळे कोयत्यावर हा खर्च वाया जातो असे माझे स्पष्ट मत आहे. घरच्या विळीबद्दलही तेच. कार्बाइडची टिकली ब्रेझ केलेली (झाळून जोडलेली) पाती, बिडाचे भाग, दातेरी पाती आणि वरून लेप दिलेली पाती यांना तर ही टिप लावूच नये.

काठिण्याचाही विचार करावा. ३५ ते ५५ एचआरसी (काठिण्याचे रॉकवेल माप) या दरम्यानचे पोलाद नवशिक्यासाठी योग्य आहे. ज्याला आपल्याकडे एचसीएचसीआर म्हणतात त्या १२ टक्के क्रोमियमच्या टूल स्टीलचे पाते सहसा ५८ ते ६२ एचआरसीला असते. त्यात क्रोमियम कार्बाइडचे मोठे कण असतात आणि पातळ कडेवर ठोके बसले की त्या कणांच्या कडेने भेग सुटू शकते. अशा पात्यावर उताराचा रुंद भाग घडवता येतो, परंतु कडेच्या अर्ध्या मिलिमीटरपासून टिप दूर ठेवावी लागते. काठिण्य मोजण्याचे यंत्र जवळ नसेल तर चांगल्या नव्या कानशीने पात्याच्या पाठीवर, धारेपासून दूर, एक घासा मारून पाहावा. कानस स्वतः ६२ ते ६५ एचआरसीच्या आसपास असते. ती पात्यात सहज चावली तर पाते मऊ आहे, कष्टाने चावली तर मध्यम आहे आणि काचेवरून घसरावी तशी घसरली तर ते पाते या कामासाठी फार कडक आहे.

लागणारी साधने

मुख्य साधन म्हणजे २० किलोहर्ट्झचा अल्ट्रासोनिक संच. त्याचे तीन भाग असतात. जनरेटर वीजमंडळाच्या ५० हर्ट्झच्या प्रवाहातून उच्च वारंवारितेचा प्रवाह तयार करतो, ट्रान्सड्यूसरमधील पिझो सिरॅमिकच्या चकत्या त्या प्रवाहाचे कंपनात रूपांतर करतात, आणि बूस्टर व हॉर्न ते कंपन मोठे करून टिपेपर्यंत पोहोचवतात. प्लॅस्टिक जोडण्याच्या वेल्डिंग मशीनमध्ये हीच रचना असते, म्हणून अशा वापरलेल्या मशीनचा संच घेऊन त्याला नवा हॉर्न बसवता येतो. मात्र हॉर्न मनाला येईल तसा कापू नये. पोलाद, अॅल्युमिनियम आणि टायटॅनियम या तिन्हींत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५,००० मीटर असतो, त्यामुळे २० किलोहर्ट्झला हॉर्नची अर्ध्या तरंगाची लांबी साधारण १२५ मिमी येते. त्यातून एक मिलिमीटर कमी केला की वारंवारिता सुमारे १६० हर्ट्झने वर सरकते, आणि अनेक जनरेटर एवढ्या फरकाने हॉर्नशी जुळणे सोडून देतात. हॉर्न बनवताना तो थोडा लांब ठेवून, मोजत मोजत, टोकाकडून अगदी थोडा थोडा कमी करावा.

टिपेसाठी २.५ ते ३ मिमी व्यासाची टंगस्टन कार्बाइडची गोळी चालते. ती हॉर्नच्या टोकाला घट्ट बसलेली हवी, कारण सैल गोळी काही मिनिटांत आपलीच बैठक खाते. संपूर्ण संच धरण्याची जागा म्हणजे बूस्टरवरचे कडे. त्या ठिकाणी कंपन जवळजवळ शून्य असते. अन्य कोठेही शिकंजा आवळला तर कंपन मरते आणि ट्रान्सड्यूसर तापू लागतो.

याशिवाय व्हर्टिकल मिलिंग मशीन, संच खालीवर सरकू देणारा स्प्रिंगचा धारक, वजन पाहण्यासाठी स्प्रिंगचा काटा, डायल गेज, दहा पट मोठे दाखवणारे भिंग, भेगा दाखवणाऱ्या रंगद्रवाचा म्हणजे डाय पेनिट्रंटचा संच, पातळ स्पिंडल ऑइल आणि धारेचे दगड लागतील. स्प्रिंगचा धारक हा या यादीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. टिप थेट मशीनच्या स्पिंडलला जखडली तर पात्याच्या पृष्ठभागातील प्रत्येक उंचसखलपणाबरोबर दाब बदलतो, एखाद्या ठिकाणी टिप खड्डा पाडते आणि पुढे स्पर्शच करत नाही.

सोलापुरात आणखी दोन गोष्टींची तयारी ठेवावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये तो त्याहून चढतो. ट्रान्सड्यूसरला कॉम्प्रेसरची हवा सतत हवीच. तरीही हाताला चटका बसेल इतका तो तापला तर काम थांबवून थंड होऊ द्यावा, कारण तापलेल्या संचाची वारंवारिता सरकते आणि फार तापलेल्या पिझो चकत्यांची क्षमता कायमची घटते. उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर उरकणे शहाणपणाचे. दुसरी गोष्ट म्हणजे विजेचा दाब. तो वरखाली होत असेल तर चांगला स्टॅबिलायझर लावल्याशिवाय जनरेटर सुरू करू नये.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात, पण ठामपणे सांगायचे तर २० किलोहर्ट्झचा मूळ सूर बहुतेकांना ऐकू येत नसला तरी पाते त्यासोबत कर्कश किंचाळते, म्हणून कानांना मफ आणि डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय बटण दाबू नये. चालू टिपेला बोट लावू नये. ती आत खोलवर भाजते. ट्रान्सड्यूसरला जाणारा विद्युतदाब जीवघेणा असतो आणि बंद केल्यावरही चकत्यांमध्ये विद्युतभार राहू शकतो, तेव्हा आवरण उघडण्याचे काम जाणकाराकडेच द्यावे.

पात्याची पूर्वतयारी

यंत्राची वीज मुख्य स्विचवर बंद करून, फ्यूज काढून खिशात ठेवून आणि चाक लाकडी ठोकळ्याने अडवून मगच पाती उतरवावीत. कडबा कुट्टीचे चाक जड असते आणि एका पात्याचा बोल्ट सैल झाला की ते दुसऱ्या पात्याच्या वजनाने आपोआप फिरते. त्या क्षणी बोटे आत असतात. दोन्ही पात्यांवर आणि त्यांच्या जागांवर एकसारख्या खुणा कराव्यात.

पाती रॉकेलने धुऊन, वायर ब्रशने स्वच्छ करून भेगांची तपासणी करावी. डाय पेनिट्रंटचा लाल द्रव लावून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, तो पुसून काढावा आणि वर पांढरा डेव्हलपर फवारावा. भेग असेल तेथे पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. बोल्टच्या भोकापासून निघालेली रेघ दिसली तर ते पाते भंगारात द्यावे. ठोक्यांनी ती भेग बुजेल ही आशा धरू नये, कारण फिरत्या चाकावर ते पाते तुटले तर समोरच्या माणसावर येते.

त्यानंतर उतार घासून घ्यावा. या पात्यांचा उतार साधारण २५ अंशांचा धरून पुढील आकडे दिले आहेत. आपल्या पात्याचा मूळ कोन आधी मोजून तोच कायम ठेवावा. घासणे शक्यतो सरफेस ग्राइंडरवर, भरपूर कूलंट सोडून, हलक्या कापाने करावे. कोरड्या चाकावर घासताना पोलादावर येणारा रंग तापमान सांगतो. फिकट पिवळा म्हणजे २२० अंश सेल्सिअसच्या आसपास, जांभळा म्हणजे २८० आणि निळा म्हणजे ३००. साध्या कार्बन पोलादाचे पाते निळे पडले की त्या जागेचे पाणी उतरले असे समजावे. त्यावर कितीही थंड घडणी केली तरी खालचा मऊ धातू धार पेलणार नाही. तो निळा भाग पूर्ण घासून काढणे किंवा पात्याला पुन्हा पाणी देणे हेच उपाय आहेत.

या टप्प्यावर पाते धारदार करू नये. कडेला सुमारे ०.१ मिमी जाडी शिल्लक ठेवावी. ही जाडी साध्या टाइपच्या कागदाएवढी आहे. याहून पातळ कड ठोक्यांखाली दुमडते. याहून बरीच जाड ठेवली तर शेवटची धार काढताना दगडाखाली घडवलेला थर संपून जातो. हिशेब असा आहे की ०.१ मिमी जाडीच्या कडेवर ३० अंशांचा अरुंद दुय्यम उतार दिला तर तो साधारण १ मिमी रुंद येतो आणि टोकाशी धातू ०.०९ मिमी खोल निघतो, ०.३ मिमी जाडी ठेवली तर तोच उतार तिप्पट रुंद होतो आणि टोकाशी पाव मिलिमीटरहून जास्त धातू जातो. दोन्ही पाती सारखीच घासून त्यांची वजने काट्यावर जुळवून पाहावीत, नाहीतर चाक हादरेल.

पाचर आणि बैठक

पाते आडवे ठेवून टिप तिरकी करण्यापेक्षा टिप उभी ठेवून पाते तिरके करणे सोपे असते. त्यासाठी पात्याच्या लांबीइतकी, २५ अंश उताराची पोलादी पाचर बनवून ती कडक करून घ्यावी. मऊ पोलादाच्या पाचरीत ठोक्यांनी खळगे पडतात आणि त्यांवर टेकलेली कड हळूहळू खाली लोंबते. पात्याची सपाट पाठ पाचरीवर टेकवून धारेची कड पाचरीच्या उंच टोकाशी बरोबर जुळवली की उतार आडवा, वर तोंड करून येतो. कड पाचरीच्या बाहेर नखाएवढीही येता कामा नये. पाते बोल्टच्या भोकांतून आवळावे आणि मधोमध एक पट्टी लावून दाबावे. पाचर आणि पाठ यांच्यामध्ये धुळीचा एक कण राहिला तरी त्या जागी कंपन वेगळे होते, म्हणून दोन्ही पृष्ठभाग कोरड्या कापडाने पुसून, मग तळहात फिरवून पाहावेत.

हीच पाचर दुसऱ्या बाजूसाठीही चालते. पाते उलटे करून त्याचा उतार पाचरीच्या तिरक्या अंगावर टेकवला की पाठ आपोआप आडवी येते. हे लक्षात घेणे आवश्यक आहे, कारण एका बाजूच्या उताराच्या पात्यात धारेचे अखेरचे टोक पाठीच्या पृष्ठभागावरच उभे राहते. फक्त उतार घडवला आणि पाठ तशीच सोडली तर धारेचे खरे टोक घडणीच्या थराच्या तळाशी येते, जेथे काठिण्य सर्वांत कमी वाढलेले असते. धारेच्या जवळ पाठीवर दिलेला हलका हात म्हणूनच उताराइतकाच मोलाचा असतो.

दाब, वेग आणि ठोक्यांचा हिशेब

उतारासाठी सुरुवातीला ३ किलोचा दाब, म्हणजे सुमारे ३० न्यूटन, आणि २० ते २५ मायक्रॉनांची हालचाल ठेवावी. पाठीसाठी दाब निम्मा आणि हालचाल १५ मायक्रॉनांच्या आसपास पुरते. हालचाल थेट मोजण्याची सोय नसेल तर जनरेटर आणि बूस्टर यांच्या उत्पादकाने दिलेल्या तक्त्यावरून ती ठरवावी. सामान्यतः २० किलोहर्ट्झचा ट्रान्सड्यूसर पूर्ण शक्तीवर साधारण २० मायक्रॉन देतो आणि बूस्टर त्याच्या दीडपट किंवा दुप्पट करतो.

टेबल मिनिटाला ६०० मिमी सरकत असेल तर ते सेकंदाला १० मिमी होते, आणि सेकंदाला २०,००० ठोक्यांच्या हिशेबाने प्रत्येक मिलिमीटर लांबीवर २,००० ठोके पडतात. एक रेघ झाल्यावर टेबल ०.१ मिमी बाजूला सरकवले तर प्रत्येक चौरस मिलिमीटरमध्ये २०,००० ठोके होतात. सुरुवातीला एवढी घनता पुरेशी आहे. पाते ३०० मिमी लांब असेल आणि कडेपासून ३ मिमी रुंदीचा पट्टा घडवायचा असेल तर ३० रेघा होतात, प्रत्येकीला ३० सेकंद लागतात, म्हणजे एका हातासाठी, पूर्ण पट्टा एकदा घडवायला, परतीचा वेळ सोडून १५ मिनिटे. जास्त ठोके म्हणजे जास्त चांगले हा समज येथे महागात पडतो. ठरावीक मर्यादेपलीकडे धातूची लवचिकता संपते आणि पृष्ठभागाचे बारीक पापुद्रे सुटू लागतात.

म्हणून खऱ्या पात्याला हात लावण्याआधी त्याच प्रकारच्या जुन्या, टाकाऊ पात्याचा तुकडा त्याच पाचरीवर बसवून वेगवेगळ्या दाबाचे तीन-चार पट्टे मारून पाहावेत आणि भिंगाखाली त्यांची तुलना करावी. योग्य पट्टा ओळखणे अवघड नाही. घासण्याच्या समांतर रेघोट्या पुसल्या जाऊन त्यांच्या जागी एकसारखी, मंद चमकेची बारीक खवल्यांची नक्षी आलेली असते आणि नख आडवे फिरवले तर अडत नाही. रेघोट्या शिल्लक दिसल्या तर दाब कमी पडला. चमक फार झाली आणि मध्येच राखाडी, खडबडीत ठिपके दिसू लागले तर पापुद्रे सुटायला सुरुवात झाली आहे. दाब अर्ध्या किलोने कमी करावा.

प्रत्यक्ष घडणी

पृष्ठभागावर स्पिंडल ऑइलचा पातळ थर द्यावा. टिप पात्याला लावून दाब बसवल्यानंतर जनरेटर सुरू करावा आणि लगेच टेबलाची चाल द्यावी. टिप एका जागी क्षणभरही थांबली तर तेथे खड्डा पडतो. रेघ संपताना टिप पात्याच्या टोकाबाहेर पाचरीच्या वाढीव भागावर नेऊन मगच बंद करावी. त्यासाठी पाचर पात्यापेक्षा दोन्हीकडे थोडी लांब ठेवलेली बरी.

पहिली रेघ कडेपासून ३ मिमी आत घ्यावी आणि रेघांनी कडेकडे सरकत जावे. उलट दिशेने, म्हणजे कडेकडून आत, काम केले तर पातळ कड आधी कडक होते आणि मागून सरकणारा धातू तिला बाहेर ढकलून लाटा पाडतो. कडेच्या शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये दाब दोन किलोपर्यंत खाली आणावा. गोळीचा मध्य कडेच्या अगदी टोकावर कधीच येऊ देऊ नये, ०.२ मिमी आधी थांबावे.

आवाजाकडे लक्ष असू द्यावे. टिप नीट बसलेली असताना कानाच्या मफमधूनही एक सलग, ताणलेला आवाज येतो. तो मध्येच घोगरा झाला किंवा तुटक येऊ लागला तर टिप उडते आहे किंवा जनरेटर हॉर्नशी जुळणे सोडतो आहे. दाब वाढवून हा दोष झाकू नये. थांबावे, गोळीची बैठक पाहावी, ट्रान्सड्यूसर थंड आहे का ते पाहावे आणि जनरेटर पुन्हा जुळवून घ्यावा.

उताराचा एक हात झाला की पाते उलटून पाठीवर कडेपासून १.५ मिमी रुंदीचा हलका हात द्यावा. या अदलाबदलीचे दुसरेही कारण आहे. ठोके बसलेला पृष्ठभाग पसरू पाहतो आणि खालच्या धातूमुळे त्याला पसरता येत नाही, म्हणून ज्या बाजूला ठोके बसतात त्या बाजूला पाते फुगते. शॉट पीनिंगमध्ये, म्हणजे पृष्ठभागावर बारीक छर्रे मारण्याच्या पद्धतीत, आल्मेन नावाची चाचणीची पट्टी याच कारणाने वाकते आणि तिच्या वाकावरून ठोक्यांची तीव्रता मोजतात. आपल्याला मात्र पाते सरळ हवे आहे. सरफेस प्लेटवर पाते पाठीवर ठेवून मधोमध फट मोजण्याची पातळ पट्टी (फीलर गेज) घालून पाहावे. लांबीभर ०.१ मिमीच्या आत वाक असेल तर चिंता नाही. जास्त असेल तर विरुद्ध बाजूला आणखी एक हलका हात देऊन तो काढता येतो. हातोडीने ठोकून पाते सरळ करण्याचा मोह टाळावा, कारण त्यामुळे ताणाची सगळी मांडणी बिघडते.

तपासणी

पुन्हा एकदा डाय पेनिट्रंट वापरून कड पाहावी. काठिण्य मोजायचे असेल तर साधे रॉकवेल यंत्र येथे दिशाभूल करते, कारण त्याचा हिरा पातळ थर भेदून खालच्या धातूपर्यंत जातो आणि येणारा आकडा दोन्हींची सरासरी असतो. हातात धरून वापरायचे उसळीचे यंत्रही हलक्या पात्यावर विश्वसनीय नाही. या कामाला अगदी हलक्या भाराने सूक्ष्म ठसा उमटवून काठिण्य मोजणारी मायक्रो-व्हिकर्स चाचणी लागते. सोलापुरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आणि तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळांमध्ये तिची चौकशी करावी, आणि पाते न नेता चाचणीसाठी घडवलेला तुकडा आडवा कापून न्यावा. पृष्ठभागापासून आत जाताना काठिण्य कोठे मूळ पातळीला येते ते पाहिले की आपला थर किती खोल आहे ते कळते आणि पुढे किती वेळा धार काढता येईल याचा अंदाज बांधता येतो.

दगडावरची शेवटची धार

घडवलेल्या पात्याला आता ग्राइंडर दाखवू नये. तेल लावलेल्या मध्यम ऑइल स्टोनवर ३० अंशांच्या कोनात, उताराच्या बाजूने, एकसारख्या दाबाने दगड फिरवावा. कोन स्थिर राहण्यासाठी पात्याच्या पाठीमागे ठराविक उंचीची पट्टी ठेवावी. दुय्यम उताराची चकाकणारी रेघ कडेपर्यंत पोहोचली आणि पाठीवर बोटाच्या टोकाला संपूर्ण लांबीभर बर, म्हणजे कडेवर उलटलेला धातूचा बारीक खरखरीत पदर, लागू लागला की मध्यम दगड थांबवावा. बारीक दगडावर तोच कोन राखून आणखी काही हात द्यावेत. शेवटी पाठ दगडावर पूर्ण सपाट टेकवून एक-दोन हलक्या हातांनी बर काढावा. पाठ उचलली गेली तर कडबा कापताना धार आणि ज्या स्थिर पट्टीवर कडबा कापला जातो ती पट्टी यांच्यामध्ये फट राहते आणि पाचट कापले न जाता आत ओढले जाते.

कड दिव्याखाली धरून पाहावी. ज्या जागी प्रकाशाची बारीक ठिणगी दिसते ती जागा अजून बोथट आहे. खऱ्या धारेवर प्रकाशाला उभे राहायला जागाच नसते.

यंत्रात बसवणे आणि पुढची देखभाल

पाती आपापल्या खुणांच्या जागी बसवून, नवे स्प्रिंग वॉशर घालून, बोल्ट आळीपाळीने आवळावेत. चाक हाताने सावकाश फिरवून प्रत्येक पाते स्थिर पट्टीला न घासता तिच्या अगदी जवळून जाते का ते पाहावे. पट्टीची कड गोल झालेली असेल तर तीही सपाट करून घ्यावी, नाहीतर पात्यावर केलेली सगळी मेहनत बोथट पट्टीपायी निष्फळ होते. फटीत एक कागदाची पट्टी धरून चाक फिरवले असता ती संपूर्ण लांबीभर स्वच्छ कापली गेली पाहिजे. पहिल्यांदा वीज सुरू करताना थोडा वेळ रिकामे चालवून बोल्ट पुन्हा तपासावेत आणि मगच कडबा घालावा.

काम संपल्यावर धारेवरचा ओला चोथा काढून तेलाचे बोट फिरवावे, विशेषतः हिरवी मका किंवा उसाचे वाढे कापले असतील तेव्हा. धार मंद वाटू लागली की फक्त बारीक दगडाने दुय्यम उतार ताजा करावा; प्रत्येक वेळी काही मायक्रॉनच जात असल्याने घडणीचा थर बऱ्याच वेळा पुरतो. दुय्यम उताराची रुंदी २ मिमीच्या पुढे गेली, किंवा खडा लागून खाचा पडल्या, की उतार पुन्हा घासून घडणी नव्याने करावी. एका शेतकऱ्याने स्वतःच्या एका यंत्रासाठी हा संच विकत घेणे परवडणारे नाही. मोहोळ, बार्शी, मंगळवेढा अशा भागांतील ज्या वर्कशॉपकडे मिलिंग मशीन आहे आणि हंगामात अनेक गावांची पाती येतात, त्यांनीच याचा विचार करावा, आणि प्रत्येक पात्याच्या बोल्टाजवळ अंक ठोकून दाब, हालचाल व तारीख वहीत लिहून ठेवावी, म्हणजे तेच पाते पुढच्या हंगामात परत आले की कोणत्या दाबाने किती टिकले ते समोर असेल.